पटाचा बैल औताला

'स्पोर्ट्‌स कार' या शब्दाला मराठीत चांगला प्रतिशब्द नाही. आमच्या हिंगोलीला त्याची निकड कधी भासली नसावी हे एक कारण झाले. पण पुण्या-मुंबईच्या पंडितांनाही तो सापडलेला दिसत नाही. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी बरेच प्रयत्न करून पाहिले. 'क्रीडामोटार' म्हणावे, तर शाळेच्या कबड्डी-संघाला तालुक्याच्या सामन्याला घेऊन निघालेला टेंपो डोळ्यांसमोर येतो. 'खेळगाडी' म्हणावे, तर ती पाळण्याशेजारची, दोरी बांधून ओढायची. 'शर्यतीची मोटार' हा शब्द जवळचा वाटतो खरा, पण तोही नेमका बसत नाही. शर्यतीची मोटार शर्यतीतच धावते. तिला नंबराची पाटी नसते आणि तिच्यातून कोणी मंडईत जात नाही. स्पोर्ट्‌स कारचे सारे मर्म तिला मंडईत जाता येते यात आहे. तेव्हा शब्दाचा नाद सोडून मी व्याख्येकडे वळलो, आणि ती मात्र मला साधली: कोथिंबिरीची जुडी आणायला जेवढे बळ लागते त्याच्या दसपट बळ पोटात बाळगून जी कोथिंबिरीची जुडीच आणते, ती स्पोर्ट्‌स कार.

या व्याख्येत आमची गाडी बसते.

काटेकोर माणूस इथे हरकत घेईल. त्याच्या मते अशा गाडीला दोनच दरवाजे हवेत, दोनच जागा हव्यात आणि वरचा टप उघडता आला पाहिजे. असल्या गाड्या आपल्या देशात औषधालाही मिळत नसत. गेल्या शतकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची एक दोन माणसांची गाडी काढली होती. तिचे अंग काचतंतूचे आणि इंजिन रेनोचे. ती रस्त्यावर पाहिलेला माणूस आमच्या जिल्ह्यात मला अजून भेटायचा आहे. मराठी घराच्या दारात उभी राहिलेली सर्वांत गाजलेली स्पोर्ट्‌स कार म्हणजे अर्थातच सचिन तेंडुलकरची फेरारी. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाट कंपनीने मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला भेट दिली. चारशे अश्वशक्तीची गाडी! भेट फुकट होती, पण तिच्यावरचा आयातकर एक कोटीच्या वर निघाला. सरकारने तो माफ केला, लोक कोर्टात गेले, आणि शेवटी कंपनीनेच तो भरला. तिच्यावरून सिनेमा निघाला. पुढे ती सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही, की मुंबईच्या पावसाळ्यात, त्या खड्ड्यांतून, ही गाडी रोज चालवायची कशी? माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

फेरारी त्या काळी फियाटच्याच छत्राखाली होती. आमची गाडीही फियाटचीच. नाव पॅलिओ, इंजिन १.६, साल २००२, जन्मगाव कुर्ला. म्हणजे फेरारीचे आणि हिचे नाते राजवाड्यातल्या राणीचे आणि तिच्या खेड्यातल्या चुलत-चुलत भाचीचे जसे असते तसे. लग्नाच्या पत्रिकेत नाव येत नाही, पण नाकाडोळ्यांत कुठेतरी घराणे दिसते. चार दरवाजे, पाच माणसांची जागा, चेहरा एखाद्या सज्जन कारकुनाचा. पोटात मात्र १५९६ घनसेंटिमीटरचे, सोळा झडपांचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन. त्या वेळी घरोघर असलेल्या मारुती ८०० चा संसार ३७ अश्वशक्तीत सुखाने चाले, हे सांगितले म्हणजे बाकीचे वाचकांच्या ध्यानात येईल.

२००२ साली मी तेव्हाच्या औरंगाबादेत एम. ए. करीत होतो. जालना रोडवर सिग्नलला उभी असलेली ही गाडी मी प्रथम पाहिली. दिवा हिरवा झाला आणि ती होती तिथून नाहीशी झाली. एवढेच. अकरा वर्षांनी, नोकरी आणि संसार दोन्ही स्थिर झाल्यावर, पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांची तसलीच गाडी मी पंचाहत्तर हजारांना घेतली आणि चारशेहून अधिक किलोमीटर एका दमात चालवीत हिंगोलीला आणली. पेट्रोल फार पिते म्हणून ती कोणाला नको होती. दारात उभी केली तेव्हा आमची सौ. ओवाळायला तबक घेऊन आली आणि मागचे आसन पाहून म्हणाली, "ज्वारीचं एक पोतं तरी बसेल ना हो?"

दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावीच राहत असत. चार दिवसांनी ते आले. गाडीभोवती एक फेरी मारली, मला झाकण उघडायला लावले, आत वाकून पाहिले आणि विचारले, "हिचे दात कुठं बगायचे?" मग मी इंजिन चालू केले. ते ऐकत राहिले. बैलाच्या छातीवर ठेवतात तसा हात त्यांनी गाडीच्या नाकावर ठेवला होता.

"रोज जुंपणार हाय का हिला?"

म्हटले, "हो. कॉलेजला जायला घेतली आहे."

"म्हंजी पटाचा बैल औताला," ते म्हणाले, आणि चहा प्यायला आत गेले.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आमच्या मराठवाड्यात आणि शेजारच्या वऱ्हाडात तिचा षौक जुना आहे. सरळ धावपट्टी, हलका छकडा, आणि निकाल सेकंदांच्या हिशेबात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यती बंद केल्या, २०२१ साली अटी घालून पुन्हा सुरू करू दिल्या आणि २०२३ साली त्यासाठीचा कायदा ग्राह्य ठरवला. पटाचा बैल शेतकरी सहसा औताला जुंपत नाही. त्याला खुराक वेगळा, दावण वेगळी, झूल वेगळी.

तर असा हा बैल गेली बारा-तेरा वर्षे मी औताला जुंपला आहे. औत म्हणजे हिंगोली ते औंढा नागनाथ हा रस्ता, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. आमचे महाविद्यालय त्या बाजूला आहे आणि सौ.ची जिल्हा परिषदेची शाळा वाटेतल्या एका फाट्यापासून आत. सकाळी तिला फाट्यावर सोडायचे, संध्याकाळी घ्यायचे. वाटेत हळदीचे ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या, ज्योतिर्लिंगाला निघालेले भाविक, आणि गतिरोधक. या गतिरोधकांवर एक प्रबंध होऊ शकेल. सरकारी गतिरोधकाला काही मोजमाप असते. गावकऱ्यांनी एखाद्या अपघातानंतर रात्रीतून घातलेल्या गतिरोधकाला मोजमाप नसते. त्यात संताप असतो. गाडीच्या स्प्रिंगा आता वयाने कमरेत वाकल्या आहेत, त्यामुळे असा उंचवटा मी तिरपा ओलांडतो, एकेक चाक करून, सोवळ्यातल्या आजीबाईंनी ओले अंगण ओलांडावे तसा. मागचे ट्रकवाले प्रथम भोंगा वाजवीत. आता ओळखीने थांबतात.

औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो'ची वेधशाळा व्हायची आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी पुसट थरथर सुटते, ती टिपण्यासाठी तिथे चार-चार किलोमीटरचे दोन हात पसरणार आहेत. एकदा घाटाच्या चढाला आमच्या गाडीचा सायलेन्सर सैल होऊन थडथडू लागला तेव्हा सौ. म्हणाली, "ती वेधशाळा सुरू झाली की आपल्याला रस्ता बदलावा लागेल."

आता खर्चाचे. आमच्या घरात हिशेबाची एक लाल पुठ्ठ्याची वही आहे आणि ती सौ.च्या ताब्यात आहे. झालेला खर्च ती शाईने लिहिते आणि होऊ घातलेला खर्च पेन्सिलीने. २०१३ पासून या वहीत गाडीला स्वतंत्र पाने आहेत. लिटरला नऊ-दहा किलोमीटर ही तिची चाल. आणि आमच्याकडचे पेट्रोल कसे, ते सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या परभणीचे नाव पेट्रोलच्या भावामुळे सबंध महाराष्ट्रात झाले. आमच्या भागात २०२१ साली त्याने जेव्हा शंभरी ओलांडली, तेव्हा सौ.ने त्या पानावर शाईने एक छोटे उद्गारचिन्ह काढले. तिच्या सगळ्या वहीत विरामचिन्ह एवढे एकच आहे.

पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल आले. आता पंपावर मिळते त्यात पाचवा हिस्सा मद्यार्क असतो, बहुतांशी उसाचा आणि धान्याचा. शेतकऱ्याच्या मुलाला याचा आनंदच व्हायला हवा, आणि तो होतोही. पण २००२ सालच्या गाडीचे आतडे या पेयासाठी घडवलेले नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना फुगवते, भेगाळते. आमच्या मिस्त्रींनी गेल्या वर्षी टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या नव्या धर्तीच्या घातल्या. ते म्हणाले, "सर, सारी उम्र दूध पिया, अब गन्ने का रस पिला रहे. पेट तो बिगडेगाच ना."

या मिस्त्रींबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर कृतघ्नपणा होईल. त्यांचे गॅरेज म्हणजे लिंबाचे एक झाड, चार पत्रे आणि एक बाज. तरुणपणी मुंबईला टॅक्सीच्या धंद्यात त्यांनी पद्मिनीची नाडी ओळखायला शिकून घेतली. ही पद्मिनीही कुर्ल्याचीच, आणि फियाटच्याच वळणाची. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून रस्त्यावरून उतरली, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला होता. आमच्या गाडीचे सुटे भाग कंपनीकडून यायचे दिवस संपले. फियाटने २०१९ मध्ये या देशात आपल्या नावाच्या मोटारी काढणे थांबवले; पॅलिओ तर त्याच्याही कितीतरी आधी थांबली होती. मग भाग आणायचे कुठून? कुर्ल्याहूनच. तिथे मोडीत काढलेल्या मोटारींच्या भागांचा मोठा बाजार आहे. मिस्त्री फोन करतात, तिकडचा कोणी ओळखीचा एखाद्या मृत पॅलिओचा अवयव शोधून काढतो, आणि तो रात्रीच्या खाजगी बसने पोत्यात घालून हिंगोलीला येतो. जन्मही कुर्ल्याचा आणि अवयवदानही कुर्ल्याचेच.

इंजिनात एक रबरी दातेरी पट्टा असतो. झडपा उघडायच्या कधी आणि दट्ट्या वर यायचा कधी, हे तो ठरवतो. या जातीच्या इंजिनात झडपा आणि दट्टे एकाच जागेत पाळीपाळीने येतात, चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडांनी पाणी भरावे तशी. पाळी चुकली तर भांडण होते, आणि ते भांडण साठ-सत्तर हजार रुपयांचे असते. म्हणून किलोमीटर झाले नसले तरी चार वर्षांनी पट्टा बदलायचा, हा आमचा नेम. रबराला चाललेले अंतर कळते तसे लोटलेले दिवसही कळतात. या गाडीने मला जे काही शिकवले त्यात हे पहिले, आणि दुसरे त्याच्या अगदी उलट.

गाडी घेतल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत ती मधूनच गुदमरल्यासारखी करी. चढावर दम खाई, उभी असताना थरथरे. मी तर तिला फुलासारखी चालवीत होतो, चाळीस-पन्नासच्या वर जात नव्हतो. मिस्त्रींनी तिच्या तोंडाशी कान नेला, प्लग काढून पाहिले. काजळीने काळे झाले होते. ते म्हणाले, "सर, आप इसको बहोत प्यार से चला रहे. हफ्ते में एक दिन खुली छोडो." त्यामागचे शास्त्र त्यांनी नंतर समजावून सांगितले. हे इंजिन मोठ्या फेऱ्यांसाठी घडवलेले. ते सदा हळू फिरवले तर आत पुरेशी उष्णता होत नाही, काजळी बसत जाते, तेलात पाणी साचते, ते उडून जात नाही. तेव्हापासून दर रविवारी पहाटे मी तिला नांदेडच्या हमरस्त्यावर नेतो. कायदा मोडत नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे. माझे विद्यार्थी पोलिसांत आहेत. वेग ऐंशीच ठेवायचा, पण गिअर दुसरा-तिसरा. मग वेग ऐंशीचा आणि आवाज दीडशेचा. पंधरा मिनिटांत तिचा गळा मोकळा होतो. पहाटेच्या त्या पंधरा मिनिटांत मला एक शब्दही सुचत नाही, आणि मराठीच्या प्राध्यापकाला ही विश्रांती किती मोठी असते याची इतरांना कल्पना येणार नाही.

आमच्या गल्लीत आता सगळ्यांकडे उंच गाड्या आहेत. शिडी लावून चढावे अशा. आमचे चिरंजीवही उंच गाडीच्या पक्षाचे. तो यंदा लातूरला अकरावी-बारावीसाठी राहतो. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी, त्याचे वर्ग, त्याचे वसतिगृह, अशी तीन नवी पाने लाल वहीत आली. ती पाने मी पाहिली आहेत आणि त्यांवरची बेरीजही पाहिली आहे. तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. ज्यांची मुले लातुरात आहेत त्यांना सांगायला नको आणि ज्यांची नाहीत त्यांना सांगून उपयोग नाही.

अशा वेळी, गेल्या दिवाळीनंतर, पुण्याहून एक तरुण आला. संगणकाच्या धंद्यातला, बोलायला गोड. जुन्या पॅलिओंचा शोध घेत तो आमच्यापर्यंत पोहोचला होता. मूळ रंग, मूळ इंजिन, कागदपत्रे स्वच्छ, हे पाहून त्याचा चेहरा नवरदेवासारखा फुलला. त्याने दोन लाख देऊ केले. पंचाहत्तर हजारांच्या गाडीला, बारा वर्षे वापरून, दोन लाख! सौ. चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथेच बसली.

"ही रोज वापरता तुम्ही, सर?" तो म्हणाला. "हिला असं वापरणं म्हणजे पाप आहे."

"मग तुम्ही काय करणार?" सौ.ने विचारले.

"जपणार, काकू. माझ्याकडे बंद गॅरेज आहे. वर कापडाचं आच्छादन घालीन. पावसात काढणार नाही, उन्हात काढणार नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी एक चक्कर."

"आणि कोणाला नेणार हिच्यातून?"

तो हसला. "कोणालाच नाही. ही माणसं न्यायची गाडी नाही राहिली आता."

दादा ओसरीवर बाजेवर पडून होते. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. झोपले आहेत असे आम्हाला वाटले होते. ते उठून बसले आणि त्यांनी त्या मुलाला विचारले, "बाबा, बहात्तरचा दुष्काळ तुला म्हाईत हाय का?"

त्याला ऐकून माहीत होता.

दादांकडे त्या वेळी एक खिल्लारी गोऱ्हा होता. याविषयी मी लहानपणी अर्धवट ऐकले होते. पुरते त्या दिवशी ऐकले. लग्नाआधी त्यांनी तो बाजारातून आणला, हौसेने वाढवला, दोन पट मारले. ज्या घरात माणसांना दूध मिळत नव्हते त्या घरात त्याला अंडी मिळत. मग १९७२ साल आले. चारा नाही, पाणी नाही. माणसे खडी फोडायला गेली, मिलोची लाल ज्वारी खाऊन राहिली. गावातल्या दोघांकडे आणखी पटाचे बैल होते. एकाने आपला बैल व्यापाऱ्याला विकला. दुसऱ्याचा जीव होईना. त्याने आपला बैल दावणीलाच ठेवला, घरातले उपाशी ठेवून त्याला चारा घातला. 'पटाचा बैल हाय, त्याला वझं वढायला लावू का?' असे तो म्हणे. दादांनी मात्र आपला गोऱ्हा पाण्याच्या गाडीला जुंपला. कयाधूच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झऱ्यातून पिंपे भरायची आणि गावात आणायची, दिवसाला तीन खेपा. पिंपामागे काही पैसे मिळत, आणि सरकारी कामावरच्या लोकांचे पाणी वाहिले तर जनावराला वैरणही मिळे.

"चालला का पण तो गाडीला?" मी विचारले.

"कशाचा चालतोय. त्याला हळू चालणं म्हाईतच न्हवतं. पयल्या दिवशी सगळं पाणी सांडलं." दादा हसले. "जोडीचा बैल बिचारा फरफटत गेला. मंग मी एक केलं. रोज शेवटची खेप झाली की त्याला सोडायचो आन् नदीच्या वाळूतून एकट्याला पळवायचो. निस्ता. एक दम पळाला की दुसऱ्या दिशी गुमान चालायचा."

"आणि तो दुसऱ्याचा बैल? दावणीचा?"

"मेला. चाऱ्याबिगर न्हाई मेला, चारा हुता त्याला. उभ्या-उभ्या पाय धरले, मंग बसला तो उठलाच न्हाई."

तो मुलगा ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग तुमचा बैल पुढं?"

"पुढल्या साली पाऊस झाला. पटाला नेला."

"जिंकला?"

"हारला. वझं वढून खांदा जड झाला हुता. पन आला घरी चालत." मग जरा थांबून, "लई वर्सं हुता घरी."

मला स्वतःला बैलाची आणि मोटारीची ही तुलना फार ताणणे पसंत नाही. बैलाला भूक लागते, मोटारीला लागत नाही. बैल पाय धरतो ते दुखते म्हणून. पण आच्छादनाखालच्या मोटारीचे काय होते हे मिस्त्रींना विचारून पाहा. टाकीतले पेट्रोल शिळे होते, ब्रेकचे चाक जाम होते, टायर एका बाजूला चपटे होतात, तेलाच्या कडा सुकून गळू लागतात, आणि उंदीर तारा खातात. त्या तरुणाकडे ती हाताची काळजी घेणारे लोक असतील, तो तिचे असे होऊ देणार नाही, हे मी मान्य करतो. त्याचे प्रेम खोटे नव्हते. तो पाणावल्या डोळ्यांनी आतल्या घड्याळांकडे पाहत होता. त्याच्या-माझ्यात फरक एवढाच, की त्याला ती गाडी हवी होती आणि मला तिच्यातून औंढ्याला जायचे होते.

तो गेल्यावर सौ. काही बोलली नाही. दोन लाख ही रक्कम तिने वहीत कुठेच लिहिली नाही, पेन्सिलीनेही नाही. मी वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्याकडे जाताना मीच म्हटले, "विकावी का? लातूरचं एक वर्ष निघेल. मी स्कूटर घेईन. मागे बसून यायचं तुला."

"स्कूटरवर मी तुमच्या पाठीशी काय बोलणार?" ती म्हणाली.

हे मला नवीन होते. वास्तविक ते माझ्या ध्यानात यायला हरकत नव्हती. घरात दादा असतात, फोन असतो, वह्या तपासायच्या असतात, शाळेचे अहवाल भरायचे असतात. सकाळची आणि संध्याकाळची मिळून तासाभराची ही वाट सोडली तर आम्ही दोघे समोरासमोर असे कुठे बसतच नाही. आणि गाडीतही समोरासमोर नसतो, शेजारी असतो, दोघांची नजर रस्त्यावर. काही गोष्टी बोलायला हीच जागा बरी पडते. तिच्या शाळेतली एक मुलगी तिसरीनंतर यायची थांबली, तिच्या घरी चार खेपा घालून तिला परत कशी आणली, हे तिने मला याच रस्त्यावर, कित्येक दिवसांत, हप्त्याहप्त्याने सांगितले होते. चिरंजीव लातूरला गेला त्या आठवड्यात ती याच आसनावर रडली. मी गाडी थांबवली नाही. तिनेच थांबवू नका म्हणून खूण केली होती.

"मग ठेवायची?" मी विचारले.

"तसं मी म्हटलं नाही," ती म्हणाली. फाटा आला होता. तिने पिशवी उचलली, दार लावले. हे दार एका झटक्यात लागत नाही. आधी जरा उचलावे लागते. ते तिला सरावाने जमते, परक्याला जमत नाही.

प्रश्न आता २०२७ सालचा आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. आमची २०१७ मध्ये वाढवली, २०२२ मध्ये वाढवली. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे जे धोरण केंद्राने २०२१ साली जाहीर केले, त्यात खाजगी गाडीवर सक्ती नाही. तपासणीत उतरली की झाले. पण वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुप्पट, म्हणजे दहा हजार केले आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. त्याच वर्षी चिरंजीवाची परीक्षा असेल, आणि पट्टा बदलायची पाळीही तेव्हाच येते.

दादांना मी हे सगळे पोळ्याच्या दिवशी सांगितले. गावी आता बैल नाहीत, शेत वाट्याने दिले आहे आणि वाटेकऱ्याकडे ट्रॅक्टर आहे. सकाळी दादांनी गाडी धुवायला लावली, स्वतः हळद-कुंकवाची बोटे ओढली, आणि आरशाला एक गोंडा बांधला. त्या गोंड्याने उजवीकडचे काही दिसेना म्हणून तो मला दुपारी डावीकडे करावा लागला.

"कागूद किती सालाचं देतेत?" त्यांनी विचारले.

"पाच."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. गाडीचे मोजले की स्वतःचे, ते मी विचारले नाही.

रात्री पुरणाचा खर्च लिहायला सौ.ने वही काढली तेव्हा मी मागून पाहिले. लातूरच्या पानावर, दुसऱ्या वर्षाच्या वसतिगृहाच्या खाली, तिने एक ओळ वाढवली होती: 'गाडी, नूतनीकरण, १०,०००'. ओळ पेन्सिलीची आहे.